थोरली किल्ली, धाकटी किल्ली

बँकेच्या स्थापनेला एकाहत्तर वर्षे पूर्ण झाल्यानंतरच्या मार्च महिन्यात, दुसऱ्या सोमवारी, सकाळी ठीक नऊ वाजता, उपनगराच्या जुन्या बाजाररस्त्यावरील बँकेच्या स्वतःच्या इमारतीत, तळमजल्यावर, तिजोरीपुढील दालनात, पोटनियम अकराखाली आलेल्या एका अर्जाची सुनावणी सुरू झाली. अर्जदार बँकेचे मुख्य लेखापाल होते. आपले आणि मुख्य रोखपाल बाईंचे वैर संपुष्टात आले असून उभयतांत सख्य निर्माण झाले आहे. सबब बाईंकडील किल्ली काढून घेण्यात यावी, एवढाच अर्जाचा मजकूर होता.

वैर संपल्याची लेखी तक्रार करणारा मनुष्य अन्यत्र सापडेल की नाही, याविषयी वाद घालता येईल. या इमारतीत तो सापडणे क्रमप्राप्त होते. कारण ही इमारत भांडणावर उभी आहे, आणि हे विधान अलंकारिक नाही. एका बाजूला लाकडाची वखार होती, दुसऱ्या बाजूला वीटभट्टी, आणि मधोमध चौदा हात रुंदीचा बोळ. बोळ कोणाचा, या प्रश्नावर वखारवाले आणि भट्टीवाले एकोणीस वर्षे कोर्टात लढले. दोघांनी मिळून तीन वकिलांची घरे बांधून दिली. बोळ होता तिथेच राहिला.

उपनगरात तेव्हा बँक नव्हती. माणसे आपली बचत पिठाच्या डब्यात, गादीच्या कापसात आणि बंद पडलेल्या घड्याळाच्या पोटात ठेवीत. आपली एक बँक असावी हे सर्वांना पटत होते. तिजोरी कोणाच्या हाती द्यावी, येथे येऊन प्रत्येक सभा मोडत होती. चौथ्या सभेत एका शिंप्याने तोडगा सुचवला. त्याचे शब्द इतिवृत्तात जसेच्या तसे आहेत: "एकेक किल्ली त्या दोघांना द्या. कुत्र्यामांजराचा पहारा, आणि दूध आपलं." किल्लीची हौस खरे तर दोघांपैकी कोणालाच नव्हती. दुसऱ्याला मिळेल आणि आपल्याला नाही, ही कल्पना मात्र दोघांनाही सोसवत नव्हती, म्हणून दोघांनी होकार दिला. जागेसाठी तोच बोळ सोडण्यात आला. तो सोडल्याने आपले जितके जाईल त्याहून समोरच्याचे अधिक जाईल, अशी प्रत्येकाची खात्री होती.

बांधकामही त्याच बेताने झाले. वखारवाल्यांना पूर्वेचे दार, भट्टीवाल्यांना पश्चिमेचे. पूर्वेला एक जिना, पश्चिमेला एक. तिजोरीपुढच्या दालनात मधोमध कमरेइतक्या उंचीची एक भिंत घातली, तिला फाटक ठेवले नाही. तिजोरीच्या दाराला दोन कुलुपे, दोहोंत एवढे अंतर की एका माणसाचे दोन हात दोन्हीकडे पोचू नयेत, आणि दोन्ही किल्ल्या एकाच क्षणी फिरल्याशिवाय दार हलू नये. मोठ्या कुलपाची ती थोरली किल्ली, लहान कुलपाची ती धाकटी. किल्लीधारकांनी एकमेकांशी बोलायचे शब्दही ठरलेले होते: "लावली", "फिरवा", "काढा". दिवसाला सहा शब्द, सकाळी उघडतानाचे आणि संध्याकाळी लावतानाचे धरून. त्याहून अधिक बोलण्याची इच्छा सहसा कोणाला झाली नाही.

वखारवाले व भट्टीवाले वारल्यावर प्रथेचा नियम झाला, तोच पोटनियम अकरा: किल्लीधारकांत सख्य नसावे, असल्याचे सिद्ध झाल्यास धाकटी किल्ली तात्काळ काढून घ्यावी. बाहेरून येणारे तपासनीस या नियमाला हसतात आणि संस्था सचोटीवर चालाव्यात असे सांगून जातात. सचोटीवर चाललेल्या किती बँका बुडाल्या याची यादी त्यांना विचारावी. ती त्यांच्याकडेच असते. या तिजोरीतून एकाहत्तर वर्षांत एक नाणे कमी झालेले नाही. तिसऱ्या जोडीची मुले परस्परांशी लग्न करून मोकळी झाली, तेव्हा नियम मोडला अशी हाकाटी उठली होती. परंतु व्याही झाल्यामुळे दोघांचे वैर आणखी पक्के झाल्याचे आढळून आले आणि मंडळाने त्यांना सन्मानाने कायम ठेवले. पाचव्या जोडीचे नशीब तसे नव्हते. एक जण आजारी पडला, दुसरा भेटायला गेला, दोघे रडले. पुढच्याच आठवड्यात धाकटी किल्ली काढून घेण्यात आली, आणि तिच्याबरोबर वरच्या दोन खोल्याही.

या खोल्या हाच प्रस्तुत अर्जाचा गाभा होता. धाकटी किल्ली इमारतीबाहेर जाऊ नये म्हणून तिच्या धारकाला वरच्या मजल्यावर, मागच्या अंगाला, दोन खोल्या राहायला मिळतात. किल्ली हाती असताना जो निवृत्त होतो, त्याच्याकडे त्या हयातभर राहतात. रोखपाल बाईंच्या निवृत्तीला सोळा महिने उरले होते. दुसरे घर त्यांना नव्हते.

एके काळी होते, आणि ते मुख्य लेखापालांचेच होते. कारण लेखापाल हे त्यांचे धाकटे दीर. घर दोघा भावांच्या वडिलांचे. लेखापालांनी लग्न केले नाही. सतरा वर्षे वहिनीच्या हातचे जेवले. पुढे थोरला भाऊ आजारी पडला आणि वारला. आणि वारण्याच्या तीन दिवस आधी त्याने आपला अर्धा वाटा भावाला बक्षीस दिल्याचा कागद निघाला. सही खरी होती. बाई कोर्टाची पायरी चढल्या नाहीत. दोन पेट्या घेऊन घराबाहेर पडल्या. त्याच महिन्यात धाकटी किल्ली रिकामी झाली. मंडळाने दुखवट्याचा ठराव आणि बाईंच्या नियुक्तीचा ठराव एकाच बैठकीत संमत केला. इतकी योग्य नेमणूक बँकेच्या इतिहासात झाली नव्हती, असे तेव्हाचे अध्यक्ष म्हणाल्याची नोंद आहे.

थोरली किल्ली लेखापालांकडे होतीच. तेव्हापासून अकरा वर्षे, किल्ल्यांवरून, लोक त्यांना थोरले आणि धाकट्या बाई म्हणत. घरात जी मोठी तिला बँकेत धाकटी म्हणायचे, यातली टोचणी दोघांनाही कळत होती. थोरल्यांना ती गोड वाटे.

सुनावणीसाठी मोठ्या बाई आल्या होत्या. मुलींच्या आणि मुलांच्या दोन पिढ्यांना शिकवून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका, वय ब्याऐंशी. वखारीशी वा भट्टीशी नाते नसलेल्या एकमेव संचालक, म्हणून पोटनियमाची सुनावणी त्यांच्याकडे. त्यांची खुर्ची भिंतीच्या टोकाशी, तिजोरीला पाठ करून, दोन्ही बाजूंना सारखी मांडली होती. पश्चिमेला थोरले, कागदांची चळत गुडघ्यांवर घेऊन. त्यांच्या शेजारी सध्याचे अध्यक्ष, भट्टीवाल्यांचे नातू. पूर्वेला धाकट्या बाई, हात मोकळे. साक्षीदार म्हणजे शिपाईमामा. त्यांना कोणत्या बाजूला उभे करावे हे न ठरल्यामुळे ते दारात उभे होते. अर्जाचा निकाल लागेपर्यंत तिजोरी उघडता येत नाही. बाहेर साडेदहाच्या रांगेतली पहिली माणसे येऊन टेकली होती.

"मामा, काय पाहिलंत ते सांगा," मोठ्या बाई म्हणाल्या. "पाहिलंत तेवढंच."

"बाई, गेल्या गुरुवारची गोष्ट. मी चहाची किटली घेऊन येत होतो. धपकन आवाज झाला. म्हटलं, खतावण्यांचं कपाट पडलं. बघतो तर थोरले. पश्चिमेच्या जिन्यात, खालून सातव्या पायरीवर, आडवे."

"मग?"

"मग मी ओरडलो."

"आणि मदतीला धावलात."

"नाही बाई. किटली गरम होती. टेकवायला जागा बघत होतो."

"पुढे."

"तेवढ्यात धाकट्या बाई त्यांच्या बाजूनं आल्या. रस्त्यावरनं वळसा घालून यायचं, तर नाही. भिंतीवरच चढल्या! चष्मा दातांत धरला, एक पाय इकडं, एक पाय तिकडं, आणि आल्या की पलीकडं. माझ्या चाळीस वर्षांच्या नोकरीत त्या भिंतीवरनं मांजरसुद्धा गेलेलं मी बघितलं नाही."

"ऐकलंत ना?" अध्यक्ष म्हणाले. "भिंत ओलांडली."

"अरे, मला ऐकू येतं," मोठ्या बाई म्हणाल्या. "चौथीत होतास तेव्हाही दुसऱ्याच्या उत्तरात तोंड घालायचास. मामा, पुढे."

"थोरल्यांचं डोकं मांडीवर घेतलं. माझ्या ट्रेमधली साखर घेतली, मूठभर, आणि तोंडात कोंबली. गालावर चापट्या मारल्या. आणि हाक मारली."

"काय म्हणून?"

मामांनी दोन्हीकडे पाहिले. "'भाऊजी' म्हणून. 'भाऊजी, डोळे उघडा.' असं तीनदा."

"चारदा," थोरले म्हणाले.

मोठ्या बाईंनी मान त्यांच्याकडे वळवली. "तुम्ही बेशुद्ध होता ना?"

"चौथ्या हाकेपर्यंत होतो. तीन मामांनी ऐकल्या, चौथी मी. तेव्हा मामा किटली ठेवायला गेले होते."

"आणि चौथी ऐकून काय वाटलं तुम्हाला?"

"त्याचा अर्जाशी संबंध नाही." थोरल्यांनी चळतीतला वरचा कागद सरळ केला. "बाई, पोटनियमात माया, प्रेम असले शब्द नाहीत. सख्य एवढंच आहे, आणि ते वागणुकीवरून ठरतं. माणसाच्या काळजात दिवा लावून बघायला मंडळाला कोणी सांगितलेलं नाही. पाचव्या जोडीच्या वेळीही तसं बघितलं नव्हतं. एक भेटायला गेला, दोघे रडले, एवढ्यावर निकाल झाला. इथे तर ओलांडलेली भिंत आहे, मांडीवर घेतलेलं डोकं आहे, अकरा वर्षांत पहिल्यांदा नात्यानं मारलेली हाक आहे. याहून जास्त पुरावा मागायचा असेल तर नियमच रद्द करा."

युक्तिवाद बिनतोड होता, हे मान्य केले पाहिजे. तो करणारा मनुष्य आपले प्राण वाचवणाऱ्या बाईला तिने ते वाचवल्याच्या पुराव्यावर रस्त्यावर काढू पाहत होता, हेही तितकेच खरे होते. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत.

"मामा," धाकट्या बाई म्हणाल्या, "त्यांना सांगा की—"

"मला सांगा," मोठ्या बाई म्हणाल्या. "मामांना आज निरोप्याचं काम नाही. भिंत का ओलांडलीत?"

"यांच्या खिशात थोरली किल्ली होती. मेले असते तर किल्लीसकट मेले असते. पोलीस पंचनामा करेपर्यंत खिशाला हात लावता आला नसता. बाहेर पगाराचा दिवस, रांगेत साठ माणसं. मी माणूस नाही उचलला बाई, किल्ली उचलली."

"किल्ली खिशात होती. मांडीवर डोकं घेतलंत."

"त्या जिन्याच्या पायऱ्यांच्या कडा बघितल्यात? डोकं फुटलं असतं तर रक्त पुसायचं कुणी? मामांची किटली गरम."

मामा खाली पाहून हसले आणि लगेच गंभीर झाले.

"साखर द्यायचं बरं सुचलं तुम्हाला."

"सतरा वर्षं रांधून वाढलंय. कोण कशानं पडतं आणि कशानं उठतं ते मला माहीत आहे. माहीत असणं म्हणजे सख्य नव्हे. माहीत नसलेल्या माणसाशी वैर तरी नीट करता येतं का?"

"आणि 'भाऊजी'?"

सारा अर्ज या एका प्रश्नावर उभा होता. धाकट्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. थोरले कागदांकडे पाहत होते, परंतु पान उलटायचे थांबले होते.

"बेशुद्ध माणसाला उठवायचं तर त्याला चीड येईल असं काहीतरी करावं लागतं," बाई म्हणाल्या. "त्या हाकेनं यांना जितका राग येतो, तितका दुसऱ्या कशानं येत नाही. चापट्यांनी उठले नाहीत. हाकेनं उठले. बघा, औषध लागू पडलं."

हे उत्तर खरे होते की नाही, हे कोणालाही सांगता येणार नाही. कदाचित खुद्द बाईंनाही. ते चोख होते, एवढे निश्चित. थोरल्यांच्या मानेवरची शीर तट्ट फुगली, आणि पाहणाऱ्याला वाटावे की औषध अद्याप लागू आहे.

"उठताना ते रागात नव्हते," मामा मध्येच म्हणाले. "डोळ्यांत पाणी होतं."

"साखर घशात गेली होती!" थोरले ओरडले. क्षणभराने, आपण आपल्याच पुराव्यावर पाणी ओतले, हे त्यांच्या ध्यानात आले, आणि ते सावरून म्हणाले, "पाणी होतं. लिहून घ्या. डोळ्यांत पाणी होतं."

अध्यक्षांनी घसा साफ केला. "मोठ्या बाई, लांबण नको. लोक थांबलेत. शिवाय वरच्या खोल्यांचा बँकेला आज चांगला उपयोग आहे. तिथं एखादा विभाग—"

"दातांचा," धाकट्या बाई म्हणाल्या. "तुमच्या जावयांचा दवाखाना ना? खुर्चीचं माप घ्यायला माणूस परवा येऊन गेला. मी घरात असताना माझ्या पलंगाला फूटपट्टी लावून गेला."

"तो रंगवाला होता!"

"रंगवाले तोंड उघडून 'आ' करा म्हणत नाहीत."

"अरे, तू बस," मोठ्या बाई अध्यक्षांना म्हणाल्या, आणि ते खरोखरच बसले, जरी ते बसलेलेच होते असे त्यांना नंतर आठवले असावे.

बाहेर रांगेत कोणीतरी दाराची कडी वाजवत होते. मोठ्या बाई बोलल्या तेव्हा त्यांचा स्वर कोरडा होता.

"तुमची उत्तरं चांगली आहेत, बाई. मला आवडली. पण उत्तरं माणसाला मागाहून सुचतात. भिंत त्या आधी ओलांडली गेली, हाक त्या आधी मारली गेली. तुम्ही भिंतीवर चढलात तेव्हा किल्लीचा विचार केलात की माणसाचा, हे मला ठाऊक नाही, आणि यांचं म्हणणं बरोबर आहे, ते शोधायचं काम माझं नाही. पाचव्या जोडीला एक माप आणि तुम्हाला एक, असं मला करता येणार नाही."

त्यांनी इतिवृत्ताचे पुस्तक जवळ ओढले. थोरल्यांनी आपल्या कागदांची चळत गुडघ्यावर आपटून कडा जुळवल्या. कागद पिशवीत भरून निघणाऱ्या माणसाची ती हालचाल होती.

"थांबा," धाकट्या बाई म्हणाल्या. "लिहायच्या आधी माझं ऐका. मी अर्ज मान्य करते."

अध्यक्षांचा चेहरा उजळला. मोठ्या बाईंनी लेखणी तशीच धरून ठेवली.

"सख्य झालं. माझं काही म्हणणं नाही. किल्ली घ्या, खोल्या घ्या, उद्या तिथं कुणाच्याही दाढा उपटा." बाई उठल्या आणि भिंतीपर्यंत आल्या. अकरा वर्षांत प्रथमच, तीन ठरीव शब्दांपलीकडचे बोलणे त्यांनी समोरासमोर केले. "भाऊजी, पूर्वेकडची खोली झाडून ठेवा. दुपारी सामान घेऊन येते."

थोरल्यांना आधी कळले नाही. मग कळले.

"कुठे येता?"

"घरी. दिराशी सख्य झाल्यावर वहिनी दुसरीकडं राहील का? लोक काय म्हणतील तुम्हाला?"

"त्या खोलीत कपाटं आहेत."

"हलवता येतात," मोठ्या बाई म्हणाल्या.

"जड आहेत. चार दिवस लागतील."

"चार दिवस वर राहतील त्या. मंडळ सवलत देईल."

"देईल की!" अध्यक्ष म्हणाले. "चार काय, आठ दिवस."

"न्हाणीघरातला नळ गळतो," थोरले म्हणाले. "राहण्यासारखी परिस्थिती नाही."

"तो नळ मला नका सांगू. डावीकडं पिळून वर ढकलला की थांबतो. सतरा वर्षं ढकललाय."

"घर माझ्या नावावर आहे."

"नाव तुमचंच राहू द्या. मी नाव मागायला येत नाही, राहायला येतेय."

मोठ्या बाईंनी पुस्तक मिटले, पिशवीतून एक कोरा कागद काढला आणि भिंतीच्या माथ्यावर ठेवला. "लेखापाल, दोन ओळी लिहा. 'माझ्या वहिनी आजपासून चार दिवसांनी माझ्या घरी कायमच्या राहायला येत आहेत. माझी हरकत नाही.' खाली सही. तो कागद अर्जाला जोडते आणि अर्ज मंजूर करते. सख्य वागणुकीवरून ठरतं, असं तुम्हीच म्हणालात."

थोरले उठले. कागदापाशी आले. त्यांचे अक्षर बँकेत आदर्श मानले जाई. नव्या कारकुनांना त्यांच्या खतावण्या दाखवीत. त्यांनी लेखणीचे टोपण काढून मागच्या बाजूला बसवले, कागद सरळ केला आणि 'माझ्या' हा शब्द लिहिला. तो सुरेख आला. पुढचा शब्द आला नाही.

अध्यक्ष त्यांच्या कानाशी वाकले. ते हळू बोलले, परंतु दालन दगडी होते आणि सगळ्यांना ऐकू गेले. "अहो, करा सही. पुढचं पुढं बघता येईल. कागदच आहे."

"मी खोट्या कागदावर सही करत नाही," थोरले म्हणाले.

"करत नाही," धाकट्या बाई म्हणाल्या. "करून घेता."

लेखणी भिंतीवरून घरंगळली आणि पूर्वेच्या बाजूला पडली. ती कोणी उचलली नाही.

"तो कागद खोटा नव्हता!" थोरल्यांचा आवाज फाटला. "दादानं आपण होऊन सही केली. मी मागितली नव्हती. त्याला वाटत होतं घर आमच्या बापाचं, आमच्यात राहावं. तू ऐकून घेतलंस का कधी? समाचाराला आलेल्या साऱ्या माणसांसमोर, दादाला नेऊन दोन तास झाले नव्हते, तेव्हा तू मला काय म्हणालीस? आठवतं?"

"शब्द न् शब्द."

"म्हण मग. यांच्यासमोर म्हण."

"म्हणते. सहीसाठी उशीला टेकवून बसवलंत, तसं औषधासाठी बसवलं असतंत तर आणखी चार दिवस जगले असते. हेच म्हणाले होते. आजही हेच म्हणते."

"मी त्याचं सगळं केलं! महिनाभर! तू बँकेत नोटा मोजत होतीस तेव्हा त्याचं धुणं, पुसणं, उलट्या, सगळं मी काढलं. आणि तू मला खुनी ठरवलंस. चाळीस माणसांसमोर. लोक अजून माझ्याकडे बघतात, तेव्हा मला ते वाक्य ऐकू येतं. आणि मग परवा तू येतेस, माझं डोकं मांडीवर घेतेस, नात्यानं हाक मारतेस! कशाला? कुणी सांगितलं होतं? पडू द्यायचं होतंस. मला तुझ्या हातची साखर नको होती. तुझं देणं माझ्या डोक्यावर नको आहे, म्हणून मी अर्ज केला. तू वरून गेलीस की मला रोज सकाळी तुझा आवाज ऐकावा लागणार नाही. त्या घरात तू? त्या खोलीत?" ते थांबले, आणि पुढचे वाक्य त्यांनी अगदी सावकाश, अक्षर जुळवल्यासारखे उच्चारले. "माझ्या दारात मरत पडलीस, तरी मी तुला हाक मारणार नाही."

दाराची कडी वाजवणारा माणूसही थांबला होता. अध्यक्ष छताकडे पाहत होते. मामांनी, कोणी न सांगता, पाण्याचा पेला भरला आणि तो कोणाला द्यावा हे न कळून हातातच धरून ठेवला.

धाकट्या बाई भिंतीला हात लावून उभ्या होत्या. मग परत जाऊन खुर्चीत बसल्या. त्या जिंकल्या होत्या, हे दालनातल्या प्रत्येकाला कळत होते. त्यांच्या चेहऱ्यावरून मात्र ते कोणी ओळखले नसते.

मोठ्या बाईंनी 'माझ्या' एवढेच लिहिलेला कागद उचलला, दोनदा दुमडला आणि पिशवीत टाकला. मग इतिवृत्ताचे पुस्तक पुन्हा उघडले, आणि लिहिता लिहिताच, मान वर न करता, निकाल सांगितला.

"सख्य झालेलं नाही. अर्ज फेटाळला. धाकटी किल्ली आहे तिथेच राहील. तिजोरी उघडा, बाहेर लोक खोळंबलेत."